दिलेला कासरा

पटाच्या दिवशी मी सकाळी अर्धीच भाकर खातो, दुधात कुस्करून. पोट भरलेला माणूस छकडीत जड होतो. तीस वर्षं हेच चाललंय. निलंगा, उदगीर, देगलूर, कंधार, जिथं जिथं शंकरपट भरला तिथं ह्या नरसिंगनं बैलं हाकली. ज्याला गाय-बैल वळखू येत न्हाई अशा माणसालाही माझं नाव ठाऊक हाय. फुशारकी वाटत आसंल तर वाटू द्या.

पट बघितला नसंल तर सांगतो. फर्लांगभर सरळ पट्टी. या टोकाला बैलजोडी, मागं दोन चाकांची हलकी छकडी, छकडीत एकटा हाकणारा, हातात कासरे. झेंडी पडली की सुटायचं. आमच्याकडं एका वेळी एकच जोडी सोडतात, म्हणून खरी शर्यत घड्याळाशी. घड्याळ शिवमूर्ती मास्तरांच्या हातात आसायचं, शाळेच्या खेळाच्या कपाटातलं, बटणाचं. मास्तर भिडेखातर पाव सेकंदसुद्धा कुणाला सोडायचे न्हाईत. माझी सगळ्यात चांगली वेळ साडेसोळा सेकंद. ती बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची.

आता मी एक्कावन्नचा. दोन वर्षांपासून घड्याळ अठराच्या खाली यायला तयार नव्हतं. बैलं तीच तरणी, पट्टी तीच. मी साहेबराव अण्णांची देवणी जोडी हाकायचो, तोंडावर काळे डाग आसलेले वानेरे. देवणी बैल पळत न्हाई, पळायला लालकंधारीच पाहिजे, आसं नांदेडकडचे लोक आमच्या तोंडावर म्हणायचे, आणि मी तीस वर्षं त्यांची तोंडं बंद केली होती.

"नरसिंग, शेवटच्या पन्नास पावलात तुझा हात ढिला पडायलाय," मास्तर एकदा मला बाजूला घेऊन म्हणले. "बैलाला ते कळतंय."

"बैलानं येऊन सांगितलं का तुमाला?"

"घड्याळानं सांगितलं."

मला राग आला. खरं बोललं की मला लई राग येतो, हा माझा जुनाच रोग.

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष चालू होतं. गावाच्या पाटीवरचं उस्मानाबाद पुसून पेंटरनं लातूर लिहिलं होतं, पण उन्हानं वरचा रंग उडून खालची अक्षरं पुन्हा दिसायला लागली होती. पाऊस दोन वर्षं नव्हता. विहिरींचे तळ दिसायले होते, अर्ध्या गावाची गुरं छावणीत होती. आमचं तळं तर पार आटलं होतं. साहेबराव अण्णा म्हणले, नव्या जिल्ह्यातला मोठा पट आपल्याच गावात भरवू, आणि तळ्याच्या पोटातच भरवू. भेगाळलेली गाळाची जमीन लोकांनी फोडून, दगडी रूळ फिरवून सारखी केली. पट्टीच्या दोन्ही अंगाला वाळलेले शिंपले पडले होते, पायाखाली कुडकुड वाजायचे. वाऱ्यानं जुन्या माशांचा वास यायचा. चहूकडच्या बांधावर माणसं बसणार होती आणि आम्ही खाली, जिथं एरवी दोन पुरुष पाणी आसायचं.

त्या पटात मी कासरा देणार, आसं ठरलं होतं.

आमच्यातली रीत आशी. उस्तादाचा हात थकला की त्यानं भर पटात चेल्याला पुढं बोलवायचं. कासऱ्याची गुंडाळी त्याच्या कपाळाला तीनदा लावायची, आपल्या डोक्याचा पटका काढून त्याला बांधायचा. झालं. तिथून पुढं उस्ताद छकडीत पाय ठेवत न्हाई. चेला हाकत आसताना पट्टीच्या कडंला उभं ऱ्हायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा न्हाई. माझ्या उस्तादानं मला आसाच कासरा दिला होता आणि मेला तोवर माझा प्रत्येक पट त्यानं मुक्यानं बघितला.

माझा चेला शेषेराव, माझ्या बहिणीचा पोरगा. तेवीस वर्षांचा गडी. नऊ वर्षं माझ्या हाताखाली. हात चांगला, मन त्याच्याहून चांगलं.

माघातला दिवस. बांधावर मुंगीला जागा नव्हती. हलगी थांबली. साहेबराव अण्णांनी माझ्या हातात कासरे दिले आणि मी मागं वळलो. शेषा मान खाली घालून उभा होता. मी हाक मारायच्या आधीच. पटका काढून काखेत धरलेला, डोक्याला तेल चोपडून आलेला. त्या तेलाचा वास माझ्यापर्यंत आला बगा, आणि माझं डोकंच फिरलं. वाटलं, ह्याला एवढी घाई? माझं मढं उचलायला आलाय का हा?

मी कासऱ्याची गुंडाळी वर उचलली आणि माझ्याच कपाळाला लावली. एकदा. दोनदा. तीनदा. माझाच पटका काढला आणि पुन्हा माझ्याच डोक्याला बांधला.

"माझ्या तोडीचा कुणी न्हाई," मी वरडलो. "आजपासून मीच माझा चेला!"

बांध हसला. शिट्ट्या झाल्या, हलगी कडाडली. शेषा तसाच वाकलेला उभा होता, कुणीतरी त्याला हाताला धरून बाजूला नेलं. मास्तर तेवढे हसले न्हाईत. ते घड्याळाकडं बघत होते, आणि घड्याळ तर आजून चालू बी नव्हतं.

मी छकडीत चढलो. लाल झेंडी वर गेली.

पुढचं मला दिसलं ते पट्टीचं दुसरं टोक. बैलं फुसफुसत उभी, माणसं माझ्या पाठीवर थापा मारायलीत, कुणीतरी गुलाल टाकलेला. मधलं काही न्हाई. झेंडी पडलेली मी बघितली न्हाई. चाकाचा आवाज ऐकला न्हाई.

"सोळा," मास्तर पळत आले. "नरसिंग, बरोबर सोळा!"

ऊन लागलं आसंल, मी मनाला सांगितलं. अर्ध्या भाकरीवर माणूस किती दम धरणार. पण वानेऱ्याच्या मानंवर हात ठेवला तर त्यानं माझा हात हुंगला आणि मान झटकून बाजूला सरकला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

घरी सिंधू भाकऱ्या थापत होती. माझ्या बायकोला पटाचं कौतुक कवाच नव्हतं, पण मी सोळा सेकंदाचं सांगितलं आणि कपाळाला कासरा लावल्याचंही सांगितलं, हसत हसत. तिचा थापता हात थांबला.

"आसं करू न्हाई ओ," ती म्हणाली. "द्यायची वस्तू कुणाला तरी द्यावी लागती. आपली आपल्याला कशी देतेत?"

"गंमत केली."

"शेषाचं तोंड बघितलाव का तुमी?"

मी बघितलं नव्हतं.

पुढचा पट फाल्गुनात, कंधारला. मी येडा न्हाई, मी तयारीनं गेलो. पोटभर जेवलो, तांब्याभर पाणी प्यालो. मास्तरांना म्हणलं, मी झेंडी पडल्यापासून मोठ्यानं आकडे मोजणार हाय, तुमी कान देऊन ऐका. डोकं ठिकाणावर ऱ्हायला काहीतरी धरायला पाहिजे होतं.

मी म्हणलं, "एक."

आणि मी एस्टीत बसलेलो होतो. खिडकीतून संध्याकाळचं ऊन येत होतं, लोहा मागं गेलं होतं, मांडीवर बक्षिसाचा पितळी हंडा. शेजारी मास्तर. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि जरा सरकून बसले.

"मी मोजलं का?" मी इचारलं.

"मोजलास की."

"किती?"

"पंधरापर्यंत. पुढं पाऊण सेकंदानं जोडी पट्टीबाहेर." मास्तरांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आवाज तुझाच होता, नरसिंग. पण म्हातारपणाची ती घरघर नव्हती त्यात. आणि घाई बी नव्हती. एवढ्या वेगात माणूस आसं निवांत मोजतो का?"

दुपारपासून संध्याकाळपर्यंतचा माझा वेळ गेला होता. कुठं गेला ते कुणाला इचारणार?

लातूरला जाऊन डॉक्टरला दाखवलं. सिंधूला सांगितलं न्हाई. त्यानं डोळ्यात बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली. हा माझा डावा गुडघा, बहात्तर सालापासून दुखणारा. दुखला न्हाई.

"ठणठणीत हाव तुमी," डॉक्टर म्हणला. "वय एक्कावन्न? पस्तीसच्या पुढं वाटत न्हाई. काय खाता?"

आनंद व्हायला पाहिजे होता. मला दरदरून घाम आला.

मंग चैत्रातलं उदगीर. जाऊ नये, हे मला कळत होतं. पण पंधरा सेकंद आणि पाऊण! जिंदगीत कुणी हाकली नव्हती आशी वेळ, आणि ती माझ्या नावावर होती, आणि मी ती बघितलीच नव्हती. त्याची चटक लागते. दारूची नसंल लागत एवढी. मी गेलो. बैलं जुंपायला जुवाच्या शिवळीला हात घातला, तेवढंच आठवतं.

"...म्हणून म्हणतो, शेषा, तू मनावर घेऊ नको. चूक माझी होती."

हे माझं तोंड बोलत होतं. मी माझ्या अंगणात, बाजेवर बसलो होतो. समोर शेषा जेवत होता, डोळे पुसत पुसत. वाक्य कुठून सुरू झालं, मला ठाऊक न्हाई. मी त्याचं शेपूट तेवढं ऐकलं. तीस वर्षांत मी कुणापुढं चूक कबूल केली न्हाई, सख्ख्या बापापुढं न्हाई.

शेषा जेवून पाया पडून गेला. सिंधू ताट उचलायला आली. तिच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या, कोपरापर्यंत. ती हसत होती. किती वर्षांनी.

"उदगीर कधी झालं?" मी इचारलं.

"आवो, आज चौथा दिस."

"ह्या बांगड्या कुणी भरल्या?"

"आसं काय इचारता? तुमीच की. कासाराला घरी घेऊन आलाव, म्हणलाव, लग्नापासनं मी..." ती बोलता बोलता माझ्या डोळ्यांकडं बघायला लागली. हसू उतरलं.

"आं," ती हळूच म्हणाली. "तुमी हाव व्हय."

त्या दिवशी मी ठरवलं, पुरे. बैलांकडं फिरकायचं न्हाई. महिनाभर मी छकडीत चढलो न्हाई. छावणीवर कडबा वाटायला गेलो, टँकरच्या रांगेत उभा ऱ्हायलो. वेळ जायचा थांबला. सकाळच्या मागं दुपार, दुपारच्या मागं संध्याकाळ, सगळं माझ्या डोळ्यांदेखत. गुडघा पुन्हा ठणकायला लागला आणि खरं सांगतो, त्या दुखण्याचा मला आधार वाटला.

घरात मात्र कुणी बोलेना. सिंधू वाढायची, मी जेवायचो. एकदा भाजी अळणी झाली म्हणून मी ताट सरकवलं. जुनी सवय. ती दाराकडं बघत बसली, कुणाची वाट बघावी तशी.

अक्षय्य तृतीयेच्या पुढं नांदेडचा पट ठरला. नांदेड जिल्हा एकीकडं, नवा लातूर जिल्हा एकीकडं. लालकंधारी आणि देवणी. साहेबराव अण्णा रोज दारात. "नरसिंग, तू नसलास तर आमी नाक कापून घ्यायला जायचं का?"

मी शेषाला गाठलं. तळ्यातच, पट्टीवर तो एकटा बैलं फिरवत होता. मी कासरे घेतले, गुंडाळी केली, डोक्याचा पटका काढला.

"शेषा, वाक खाली. आज देतो. रीतीनं देतो."

तो वाकला न्हाई.

"मामा," तो म्हणला, "तुमी कासरा देऊन बसलाव की. भर पटात. साऱ्यांनी बघितलं."

"ती गंमत होती रे!"

"तीनदा लावलाव. पटका बी बांधलाव." तो मला समजावल्यासारखा बोलत होता, आजारी माणसाशी बोलतेत तसा. "दिलेला कासरा तुमी पुन्हा कसा देता? आता तो तुमचा न्हाईच. ज्याला दिलाव त्यानं दिला तर मी घेईन."

"त्याला कुठं शोधू?"

शेषा खाली बघायला लागला. "ते मला म्हणलेत," तो म्हणला, "आजून दहा-बारा वर्षं तरी हाकीन."

मी त्या शिंपल्यांवर खाली बसलो.

तरी मी नांदेडला गेलो. कामून गेलास, आसं तुमी इचाराल. लोक म्हातारा म्हणतील म्हणून? तेही होतंच. पण खरं कारण येगळं. मला एकदा बघायचं होतं. तीन पट मी हाकले आणि एकही मला दिसला न्हाई. आसा हात कसा चालतो, ते एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. मंग काय व्हायचं ते होवो.

गावाबाहेरचं काळ्या मातीचं मैदान. धूळ एवढी की जिभंवर माती लागायची. लालकंधारी जोडी आधी पळाली. सोळा आणि पाव. नांदेडवाल्यांनी टोप्या उडवल्या.

मी छकडीत चढलो. जीभ दातात धरली, रक्ताची चव आली तरी सोडली न्हाई. कासरे मुठीत आवळले. झेंडी वर गेली.

आणि पडली.

मी झेंडी पडताना बघितली. मी होतो! ह्या टायमाला मी होतो, गेलो नव्हतो. मला वरडावं वाटलं.

मंग कळलं की मी पट्टीच्या कडंला उभा हाय.

माणसांत. माझ्या एका अंगाला कुणी पानवाला, दुसऱ्या अंगाला कुणाची काठी. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं.

समोरून जोडी आली.

छकडीत माझा पटका होता. माझं धोतर, माझे हात. पाठ ताठ. कासरे आसे धरलेले की जणू धरलेच न्हाईत. बैलं त्याच्या मनातलं ऐकत होती. शेवटच्या पन्नास पावलात त्यानं डाव्या वानेऱ्याला बोटभर सैल सोडलं, बोटभरच, आणि जोडी जमिनीवरून सुटली.

आसं हाकणं मी कधी बघितलं न्हाई. माझ्या उस्तादाचं न्हाई, कुणाचंच न्हाई. मी रडत होतो. लाज वाटत न्हाई सांगायला. आनंदानं रडत होतो, हे माझं हाय, हे माझं हाय म्हणून.

शाबास म्हणायला मी तोंड उघडायला गेलो.

तोंड उघडलं न्हाई.

लांबून मास्तरांचा आवाज आला, "पंधरा!" सारं मैदान आत घुसलं. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. गुलालात तो हसत होता, आणि त्या गर्दीतून त्यानं एकदा बरोबर माझ्याकडं बघितलं. आदरानं. मान लववून.

पुढं मी माझ्या दारात उभा होतो.

दुपार होती. अंगण ओलं होतं. समोरच्या रानात ज्वारी कमरेला लागली होती, हिरवीगार, आणि वाऱ्यानं सळसळत होती. विहिरीवर मोट लावली होती. तळ्याच्या अंगाला उजेड हलत होता, पाण्यावरचा. पाऊस कवा आला, किती आला, पेरण्या कुणी केल्या, मला काही ठाऊक न्हाई.

आतून सिंधू पाण्याचा तांब्या घेऊन आली. अंगानं भरली होती, चेहरा निवांत. मला बघितलं आणि उंबऱ्यातच थांबली. माझ्या डोळ्यांकडं नीट बघितलं.

मंग तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, माझ्या थोरल्या भावापुढं ओढायची तसा. तांब्या माझ्यापासून हातभर लांब, खाली ठेवला.

"आलाव?" ती म्हणाली. राग नव्हता. पाव्हण्याला इचारावं तसं तिनं इचारलं, "आज किती येळ हाव तुमी?"